किनाऱ्यावरचा उजेड मोजताना

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही येथील शाळांच्या सहली कोकणात जातात. हरिहरेश्वर, मुरूड, गणपतीपुळे अशी ठिकाणे होतात आणि परतताना प्रत्येक मोबाइलमध्ये शे-दोनशे छायाचित्रे असतात. ती पाहताना दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली अशी, की मुलांचे चेहरे काळे आले, आणि चेहरे नीट आले तर मागचा समुद्र पांढराफटक झाला. दुसरी तक्रार मावळत्या सूर्याविषयी. डोळ्यांना तो केवढा मोठा दिसत होता, चित्रात मात्र एक ठिपका! पहिली तक्रार प्रकाशाच्या मोजणीची, म्हणजे छायाचित्रकार ज्याला ‘एक्स्पोजर’ म्हणतात त्याची आहे. दुसरी भिंगाची आहे. दोन्हींची उत्तरे शालेय भौतिकशास्त्राच्या आवाक्यात आहेत, आणि ती शोधताना वर्गात करण्याजोगे बरेच काही हाती लागते.

सरावासाठी समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. जिल्ह्यात अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचा जलाशय आहे. प्रवरा नदीवरचा हा विल्सन बांध १९२६ साली पुरा झाला. बांधाच्या बाजूने पश्चिमेकडे पाहिले, की आधी पाण्याचा विस्तार, पलीकडे रतनगड आणि सह्याद्रीची रांग दिसते. संध्याकाळचा सूर्य पाण्यावरून थेट डोळ्यांवर येतो. लाटा आणि खारा वारा सोडला, तर समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रकाशाच्या सगळ्या अडचणी येथे भेटतात. ज्यांना भंडारदरा लांब पडते त्यांना राहुरीजवळचे मुळा धरण आहे; शेवगाव-नेवाशाकडच्यांना जायकवाडीचा फुगवटा आहे.

आधी हा उजेड एवढा त्रासदायक का ठरतो ते पाहू. पाण्याचा पृष्ठभाग हा मोठा लहरी आरसा आहे. पाणी शांत आणि सपाट आहे असे धरले, तर सूर्य डोक्यावर असताना त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित होतो, बाकीचा पाण्यात शिरतो. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर उतरला तरी हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपासच राहते. पण सूर्य १० अंशांवर आला, की ते सुमारे ३५ टक्के होते आणि ५ अंशांवर ५८ टक्क्यांच्या घरात जाते. दुपारी निळेसावळे दिसणारे पाणी संध्याकाळी वितळलेल्या धातूसारखे का चकाकते, त्याचे हे कारण. आपण छायाचित्र काढायला बाहेर पडतो तेही नेमके याच वेळी.

या परावर्तित प्रकाशाची आणखी एक गंमत आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी ३७ अंशांचा कोन करून परावर्तित झालेला प्रकाश जवळजवळ पूर्णपणे ध्रुवित असतो. दुचाकीस्वार वापरतात त्यांपैकी काही गॉगल ध्रुवकाचे असतात. असा गॉगल मिळाला, तर त्याची एक काच मोबाइलच्या भिंगासमोर धरून हळूहळू फिरवावी. एका विशिष्ट स्थितीत पाण्यावरची चकाकी पुसल्यासारखी नाहीशी होते आणि तळाचे दगड दिसू लागतात. ध्रुवणाचा इतका स्वस्त प्रयोग दुसरा नसेल.

आता कॅमेऱ्याकडे वळू. समोरच्या दृश्यातले काय पांढरे आहे आणि काय काळे, हे कॅमेऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. त्याच्यापर्यंत फक्त प्रकाश पोचतो. कमी प्रकाश आला, तर वस्तू काळी असेल किंवा उजेडच कमी असेल. यांतले खरे काय ते निव्वळ प्रकाश मोजून सांगता येत नाही. म्हणून प्रकाशमापक बनवणाऱ्यांनी एक तडजोड केली. कोणतेही दृश्य सरासरीने मध्यम करडे असते असे गृहीत धरायचे. छायाचित्रकार परंपरेने या करड्याचे परावर्तन सुमारे १८ टक्के मानतात. शेत, झाडी, घरे, माणसे असलेल्या नेहमीच्या दृश्याला हे गृहीतक बऱ्यापैकी लागू पडते, आणि कॅमेरा ‘आपोआप’ चांगले चित्र काढतो असे आपल्याला वाटते.

हे गृहीतक वर्गात उघडे पाडता येते. एक पांढरा कागद घ्यावा आणि चौकटीत दुसरे काहीही येणार नाही अशा बेताने त्याचे छायाचित्र काढावे. मग त्याच उजेडात काळ्या फळ्याचे तसेच छायाचित्र काढावे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर कागद मळका करडा आणि फळा धुरकट करडा दिसतो. साध्या कॅमेऱ्यात तर दोन्ही ओळखू येऊ नयेत इतकी सारखी असतात. नव्या मोबाइलमधील आज्ञावली थोडी हुशारी करते, त्यामुळे फरक अगदीच पुसला जात नाही. पण ओढ त्याच दिशेने असते.

हाच प्रकार किनाऱ्यावर घडतो. चौकटीचा अर्धाअधिक भाग झगमगत्या पाण्याने व्यापलेला असतो. कॅमेरा त्याला मध्यम करडे समजून प्रकाश कमी करतो आणि पुढे उभी असलेली मुले काळोखात जातात. पावसाळ्यात भंडारदऱ्याला याची शांत आवृत्ती पाहायला मिळते. ढग खाली उतरून सगळे पांढरे झालेले असते, आणि चित्रात मात्र ते राखेसारखे येते. अशा वेळी कॅमेऱ्याला ‘दुप्पट प्रकाश घे’ असे सांगावे लागते. मोबाइलवर पडद्याला बोट लावले, की बहुधा एक छोटा सूर्य दिसतो. तो वर सरकवला की हेच होते. उलट, हरिहरेश्वरच्या काळ्या, ओल्या खडकाने चौकट भरली असेल, तर तो खाली सरकवायचा.

पण खडक काळा, फेस पांढरा आणि मागे सूर्य असे सगळे एकाच चौकटीत आले तर? येथे पर्जन्यमापकाची उपमा उपयोगी पडते. कॅमेऱ्यातील संवेदक म्हणजे लाखो चिमुकल्या पर्जन्यमापकांची मांडणी आहे असे समजा. प्रत्येकात प्रकाश साठत जातो. एखादा काठोकाठ भरून वाहू लागला, तर त्यात नेमके किती पडले ते नंतर कोणालाही सांगता येत नाही. पाण्यावरच्या चकाकीचा पांढराफटक डाग म्हणजे असे ओसंडून गेलेले मापक. तेथली माहिती कायमची गेली. संगणकावर कितीही खटपट केली तरी ती परत येत नाही. तळाशी थेंब-दोन थेंबच जमले असतील, तर निदान तेवढे तरी मोजता येतात, जरी ते मोजमाप खडबडीत असले. म्हणून डिजिटल कॅमेऱ्यात उजळ भागाकडे पाहून मोजणी करावी आणि सावली नंतर थोडी उजळावी. निगेटिव्ह फिल्मच्या काळात शिकवण याच्या उलट होती. फिल्म जास्तीचा प्रकाश बराच सोसत असे, कमी प्रकाश सोसत नसे. जुन्या पुस्तकांतला सल्ला आज वापरताना एवढा फरक ध्यानात ठेवावा.

मोबाइल या अडचणीतून एक पळवाट काढतात. कमी-जास्त प्रकाशाची तीन-चार छायाचित्रे झटपट घेऊन ते त्यांतले बरे भाग जोडतात. डोंगर जागचा हलत नाही, त्यामुळे भंडारदऱ्याला हे छान साधते. लाट मात्र दोन छायाचित्रांच्या मध्ये पुढे सरकलेली असते. फेसाच्या कडेला कधीकधी दुहेरी, भुताटकीसारखी रेघ दिसते ती याचमुळे.

प्रकाश कमी-जास्त करण्याचे मार्ग तीनच आहेत. शटर किती वेळ उघडे ठेवायचे, भिंगामागचे छिद्र किती मोठे ठेवायचे, आणि संवेदकाकडून आलेला संकेत किती वाढवायचा. हा तिसरा आकडा आयएसओ या नावाने ओळखला जातो. तो वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. कमी आवाजात चाललेल्या रेडिओचा आवाज मोठा केल्यावर खरखरही मोठी होते, तसे चित्र दाणेदार होते. वेळेकडे आपण पुढे येणारच आहोत. छिद्राकडे जरा सावकाश पाहू, कारण ‘एफ-अंक’ म्हटले की बहुतेकांची गाडी तेथेच अडते.

बहिर्वक्र भिंग घ्यावे. वाचनासाठी वापरतात ते चालेल. वर्गाची एक खिडकी सोडून बाकीच्या बंद कराव्यात आणि समोरच्या भिंतीवर त्या खिडकीची उलटी प्रतिमा पाडावी. मग जाड पुठ्ठ्याला भिंगाच्या निम्म्या व्यासाचे गोल भोक पाडून तो भिंगासमोर धरावा. प्रयोगाआधी विद्यार्थ्यांना भाकीत करायला सांगावे. ‘प्रतिमेचा कडेचा भाग कापला जाईल’ असे सांगणारे पुष्कळ निघतात, आणि त्यांत हुशार मुलेही असतात. प्रत्यक्षात प्रतिमा पूर्णच राहते, फक्त अंधुक होते. भिंगाचा प्रत्येक भाग पूर्ण दृश्याची प्रतिमा बनवत असतो. आपण फक्त त्या कामातले कामकरी कमी केले. व्यास निम्मा झाला म्हणजे क्षेत्रफळ पावपट झाले, म्हणून प्रकाशही पावपट झाला.

नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. ५० मिमी नाभीय अंतराच्या भिंगाला १२.५ मिमीचे छिद्र असेल तर तो एफ/४, आणि ६.२५ मिमीचे असेल तर एफ/८. अंक दुप्पट, प्रकाश चौथाई. कॅमेऱ्यावरची २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही विचित्र वाटणारी मालिका २ च्या वर्गमुळाने गुणत गेल्यास तयार होते, आणि तिच्या प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. गणिताच्या तासाला वर्गमूळ कशासाठी, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला ही मालिका दाखवावी.

छिद्र लहान केले, की जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येते. २४ मिमीच्या भिंगाने एफ/११ वर सुमारे पावणेदोन मीटरवर नेम धरला, तर पायाजवळच्या शिंपल्यांपासून क्षितिजापर्यंत सगळे स्वीकारार्ह स्पष्ट राहते (हा हिशेब ३५ मिमी फिल्मएवढ्या संवेदकाचा आहे). मग एफ/२२ आणखी चांगले, असे मात्र नाही. तेथे विवर्तनाने प्रत्येक बिंदूची सुमारे ०.०३ मिमीची चकती होते आणि सगळेच किंचित मऊ पडते. बहुतेक मोबाइलमध्ये हे छिद्र बदलताच येत नाही. तेथे वेळ आणि आयएसओ एवढेच हातात राहतात.

प्रकाशमापक नसताना उजेडाचा अंदाज बांधण्याचा एक जुना नियम आहे. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवावे आणि आयएसओचा जो आकडा असेल तितक्या अंशाचा सेकंद वेळ द्यावा. म्हणजे आयएसओ १०० ला एक शतांश सेकंद. वाळू आणि पाण्याच्या चकाकीत आणखी एक पायरी कमी. हा नियम पाठ करण्यापेक्षा त्याचा उपयोग कुठवर जातो ते पाहणे आम्हाला अधिक आवडते. थेट उन्हाची प्रदीप्ती सुमारे १ लाख लक्स असते आणि पौर्णिमेच्या टिपूर चांदण्याची पाव लक्सच्या आसपास. म्हणजे चांदणे उन्हाच्या ४ लाखांश. मग चांदण्यातला भंडारदऱ्याचा जलाशय टिपायला किती वेळ लागेल? एक शतांश सेकंदाला ४ लाखांनी गुणले, ४,००० सेकंद झाले. छिद्र एफ/१६ वरून एफ/४ वर आणले, प्रकाश १६ पट, उरले २५० सेकंद. आयएसओ १०० वरून १,६०० केला, पुन्हा १६ पट, उरले सुमारे १५ सेकंद. कॅमेरा दगडावर पक्का बसवून १५ सेकंदांचे छायाचित्र घेतले, तर ते दिवसाउजेडी काढल्यासारखे दिसते. आकाश निळे असते, फक्त त्यात तारे असतात! चांदणे म्हणजे चंद्रावरून परावर्तित झालेले ऊनच असल्याने यात नवल काही नाही.

आता दुसऱ्या तक्रारीकडे, म्हणजे ठिपक्याएवढ्या सूर्याकडे वळू. सूर्य आणि चंद्र दोघेही आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचा कोन व्यापतात. त्यामुळे भिंगाने पडणारी त्यांची प्रतिमा नाभीय अंतराच्या साधारण ११० व्या भागाएवढी असते. मघाच्या बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर २० सेंमी असेल, तर कागदावर सूर्याची प्रतिमा २ मिमीपेक्षा थोडी लहान पडेल. (कागद पेटू शकतो, म्हणून हे क्षणभरच करावे. आणि भिंगातून किंवा कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शक नळीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. मोठ्या नाभीय अंतराच्या भिंगातून तर क्षणभर पाहणेही डोळ्याला कायमची इजा करू शकते.) कॅमेऱ्यातल्या ५० मिमी भिंगाने सूर्य ०.४५ मिमीचा येतो, आणि ३६ मिमी रुंद संवेदकावर तो रुंदीच्या ऐंशीव्या हिश्शाएवढा असतो. मोबाइलचे नेहमीचे भिंग त्याहून जवळजवळ दुप्पट रुंद दृश्य घेते. तेथे सूर्य रुंदीच्या दीडशेव्या भागाच्या आसपास येतो. क्षितिजाजवळचा सूर्य मोठा वाटतो तो आपल्या मेंदूला. कॅमेऱ्याला मेंदू नसल्याने त्याला दुपारचा आणि संध्याकाळचा सूर्य सारखाच.

कळसूबाईचेही तसेच. १,६४६ मीटर उंचीचे राज्यातले सर्वोच्च शिखर मोबाइलच्या चित्रात टेकाडासारखे दिसते, म्हणून नाराज होणारे पुष्कळ आहेत. यावर उपाय भिंग बदलण्याचाच असतो असे नाही. एखादी वस्तू दुसरीच्या मानाने किती मोठी दिसेल हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते. भिंग फक्त चौकट किती रुंद ते ठरवते. झाडाजवळ उभे राहून काढलेल्या चित्रात झाड डोंगराएवढे येते. त्याच झाडापासून दोनशे पावले मागे जाऊन मोठ्या नाभीय अंतराच्या भिंगाने तेच चित्र घ्यावे. झाड पूर्वीएवढेच राहते आणि मागचा डोंगर उभा राहतो.

राहिला वेळ. किनाऱ्यावर लाट सेकंदाला ३ मीटर वेगाने येत आहे असे समजा. एक पाचशेअंश सेकंदात ती ६ मिमी सरकते, म्हणून तुषार गोठल्यासारखे येतात. अर्ध्या सेकंदात ती दीड मीटर जाते आणि फेसाचे रेशमी पट्टे होतात. ३० सेकंदांत अनेक लाटा येऊन जातात. चित्रात पाणी उरत नाही, खडकांभोवती धुके भरल्यासारखे दिसते. दिनदर्शिकांवर दिसणारे ते गूढ समुद्र असे तयार होतात. असा समुद्र कोणत्याही क्षणी अस्तित्वात नव्हता. ती ३० सेकंदांची बेरीज आहे.

पाण्याच्या बाबतीत ही बेरीज निरुपद्रवी असते. भंडारदऱ्यालाच ती दुसऱ्या एका विषयात अडचणीची ठरते, ती म्हणजे काजव्यांच्या. मेअखेर ते जूनमध्ये, पाऊस स्थिरावण्याआधी, रतनवाडी-घाटघर परिसरातल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे चमकू लागतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला हा सोहळा पाहायला अलीकडच्या वर्षांत मोठी गर्दी लोटते, आणि ती ओढून आणण्यात छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. या चित्रांत झाडाखाली जमिनीपासून शेंड्यापर्यंत हजारो सोनेरी ठिपके दाटलेले असतात.

त्या ठिपक्यांचा हिशेब करू. एक उडता काजवा सेकंदाला एकदा चमकतो असे धरा. ३० सेकंदांच्या छायाचित्रात त्याचे ३० ठिपके उमटतील, प्रत्येक वेगळ्या जागी. अशी ४० छायाचित्रे एकावर एक रचली (आणि ही पद्धत सर्रास वापरली जाते), तर २० मिनिटांची बेरीज झाली. तेवढा वेळ तो काजवा चौकटीत राहिला, तर त्याच्या एकट्याच्या नावावर १,२०० ठिपके जमा होतील. शेजारच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती. अनेक दिवसांची वाढ त्यांनी काही क्षणांत पाहणाऱ्यापुढे ठेवली, पण चित्रे एकामागून एक राहिली. येथे ती एकावर एक येतात आणि पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

चित्र पाहून आलेला माणूस प्रत्यक्षात शेकड्याने काजवे पाहतो आणि त्याला ते कमी वाटतात. मग तो आणखी आत जातो, गाडीचे दिवे लावतो, झाडावर विजेरीचा झोत टाकतो. काजव्याची चमक म्हणजे नर-मादीने परस्परांना दिलेली खूण असते, आणि त्यांना हा सारा खेळ प्रौढावस्थेच्या मोजक्या दिवसांत उरकायचा असतो. पांढऱ्या झोतात ती खूण दिसेनाशी होते. अळी, कोष यांत गेलेल्या मोठ्या काळानंतर मिळालेली ती एक रात्र वाया जाते. छायाचित्र काढणाऱ्याने फसवले असे आम्ही म्हणणार नाही. पण चित्राखाली ‘३० सेकंदांची ४० छायाचित्रे एकत्र’ एवढी ओळ छापायला फारशी जागा लागत नाही, आणि ती सहसा नसते.

मेअखेरीस शाळांना सुटी असते. तरी परिसरातल्या शिक्षकांना गावातल्या मुलांबरोबर एक मोजणी करता येईल. रस्त्यापासून दूरचे एक झाड निवडावे. विजेऱ्या बंद करून २० मिनिटे अंधारात बसावे, म्हणजे डोळे सरावतात. मग हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने चौकट करून तिच्यातून दिसणाऱ्या तेवढ्याच भागातल्या चमका १० सेकंद मोजाव्यात. असे दहा वेळा करून सरासरी काढावी. त्याच झाडाचे १० सेकंदांचे एक छायाचित्र घेऊन त्यातल्या तेवढ्याच भागातले ठिपके दुसऱ्या दिवशी मोजावेत. दोन आकडे जुळतात का, आणि जुळले नाहीत तर कमी कोणाचे भरले, डोळ्याचे की कॅमेऱ्याचे, ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे.